माळीपुऱ्याचे पाटीवाले

जुने शहर, अकोला
कार्तिक वद्य दशमी, शके १७८५

माळीपुऱ्याच्या पाटीवाल्यांनो!

चिरंजीव पुंजाराम, दचकू नकोस. पत्र एकट्या तुलाच आहे. पण तुझ्या मामाची खोड तुला ठाऊक आहे. लेखणी हातात घेतली की समोर सभा भरलेली दिसते.

तर पाटीवाल्यांनो, तुमचे सगळ्यांचे दुखणे एकच आहे. आट्यापाट्यांच्या मैदानात आडव्या नऊ पाट्या आखतात. प्रत्येक पाटीवर एक गडी पाय रोवून उभा राहतो आणि धावत येणाऱ्याला हात लावून बाद करतो. धावणारा हुलकावण्या देत पार गेला की गाव त्याला खांद्यावर घेते. अडवणाऱ्याने दहा जण अडवले तरी कोणी बघत नाही, आणि अकरावा निसटला की सारे ओरडतात, ‘काहून बे, झोपला होता काय?’ धावायला कोणीही चालतो. पाटीला मात्र घर लागते. आपल्या नऊ पाट्या नऊ घरांच्या. त्या घरचाच गडी तिथे उभा राहील, दुसरा नाही, हा बापजाद्यांचा रिवाज. इतकी जोखीम, आणि मान कोणता? होळीत टाकून उरलेला नारळ!

हेच मी परवा नदीकाठच्या पारावर बोललो. ‘अडवणाऱ्याची कदर करील असा एक तरी माणूस या वऱ्हाडात आहे काय?’ असे मी गरजून विचारले. प्रश्न टाळ्यांसाठी होता. पण अमरावतीचे कापसाचे अडते महादेवराव यांचा मुनीम कामानिमित्त गावात आला होता आणि तो नेमका श्रोत्यांत बसला होता. टाळ्या थांबल्यावर तो म्हणाला, ‘आहे.’ आणि तू, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, पहिली पाटी राखणारा, नऊ पाट्यांना छेदणाऱ्या मधल्या उभ्या सूरपाटीवर वाऱ्यासारखा फिरणारा आमचा सूर, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गाडीत बसून निघून गेलास.

तुझी आई मनकर्णा मला एवढेच म्हणाली, ‘बोलाचं तुमी, अन् जाचं माह्या पोरानं.’

अमेरिकेत भाऊ भावाशी लढतो आहे, म्हणून विलायतेच्या गिरण्या उपाशी आहेत, म्हणून आपल्या वांग्याच्या वाफ्यात कापसाची पराटी उभी आहे. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. त्या लढाईत माळीपुऱ्याचा सूर कामी येईल हे कुठे छापले नव्हते. पगारावर लोकांना अडवणारे मला पुराणात दोनच आठवतात, वैकुंठाच्या दारावरचे जय आणि विजय. त्यांचे पुढे काय झाले ते तुला मी लहानपणी सांगितले आहे.

खुशाली कळव. तिथे खेळ कसा आहे तेही कळव.

तुझा मामा,
देवीदास

⁂

अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, शके १७८५

मामाजींस पुंजारामचा साष्टांग नमस्कार. आईला माझा नमस्कार सांगावा आणि तिला म्हणावे, पोरगा सुखात आहे.

तुम्ही रागावला आहात, पण तुमचाच शब्द इथे खरा झाला आहे. महादेवरावांनी मला लाल फेटा दिला. दुधाचा रतीब लावला. मी ज्या मैदानात उभा राहतो ते आपल्या मैदानाच्या चौपट आहे, आणि उजाडल्यापासून तिथे माणसांची गर्दी असते. मी हात पसरला की पुढचा जागच्या जागी थांबतो. काल तिवश्याकडच्या एकाने डावीकडे हूल दाखवली आणि उजवीकडून घुसला. मी पाय न हलवता त्याला धरला, तेव्हा महादेवराव गादीवरून उठून म्हणाले, ‘वा रे गड्या!’ मामाजी, इथे धावणाऱ्याला कोणी विचारत नाही. इथे अडवणाऱ्याचा मान. माणसे तर ओळखतातच, आता बैलसुद्धा मला ओळखतात.

धुळवडीला मात्र येता येणार नाही. नोकरीवर घेताना माझ्याकडून बेलभंडार उचलून घेतला आहे. बेलाचे पान आणि भंडारा हातात धरून, खंडोबाला साक्ष ठेवून मी बोललो आहे की चैत्राच्या पाडव्यापर्यंत मालक सांगतील तिथेच उभा राहीन, मालक सांगतील त्यालाच अडवीन, दुसऱ्या कोणासाठी पाटीवर पाय ठेवणार नाही. दिलेला शब्द मोडू नये हे तुम्हीच शिकवले.

आमच्या घरात पाटीवर उभा राहील असा दुसरा गडी नाही हे मला माहीत आहे. पण एक वर्ष धुळवडीचा डाव नाही झाला तर काय बिघडेल?

आपला,
पुंजाराम

⁂

जुने शहर, अकोला
पौष शुद्ध षष्ठी, शके १७८५

चिरंजीव पुंजाराम यास आशीर्वाद.

काय बिघडेल म्हणतोस? ऐक. मी नत्थुजी पाटलाकडे गेलो होतो. त्याने मला ओट्यावर बसवले, पान दिले आणि पान खाताखाता सांगितले, ‘देवीदास, धुळवडीले नऊ घरचे नऊ गडी माह्या डोयांदेखत पाटीवर उभे राह्यले, खेय झाला, तं मैदान माळीपुऱ्याचं. हे माह्या आज्यापासून चालत आलं. नाही झाला, तं पडीक म्हणून लिहीन, अन् पाडव्याले जो मांगीन त्याले देऊन टाकीन.’

मी म्हणालो, ‘पाटील, ते मैदान कोण मागणार?’

‘कोन मांगनार? अरे, कापसाच्या थप्प्या लावाले यंदा लोकं देवळाची ओसरी सोडून नाही राह्यले, अन् तू मैदानाचं इचारतं!’

आता नीट विचार कर. त्या मैदानातूनच मोर्णा नदीवर जायची आपली वाट आहे. मैदानाला कुंपण पडले की वाट बंद. वाट बंद झाली की पाणी बंद. पाणी बंद झाले की माळीपुऱ्यातल्या माळ्यांनी काय करायचे? दोन्ही हात पसरून तुझ्यासारखे उभे राहायचे?

तुझे पत्र मी पारावर वाचून दाखवले. हेतू हा की गावाला लाज वाटावी. ‘बघा,’ मी म्हणालो, ‘आपला सूर लाल फेट्याला आणि दुधाच्या रतिबाला विकला गेला! त्याची कीर्ती आता बैलांपर्यंत पोचली आहे!’ लोक अगदी गप्प बसून ऐकत होते. मला वाटले, शब्द काळजाला लागले.

लागले खरे. दुसऱ्या दिवशी पहाटे उकंडा आणि गोमाजी अमरावतीच्या वाटेला लागले. तिसरी पाटी गेली, सातवी गेली. उकंडाच्या बायकोला विचारले तर म्हणते, ‘तुमीच तं सांगतलं, मामाजी, तिथं दूध भेटते म्हनून.’

ते तिथे पोचले की त्यांचे कान धर आणि परत पाठव.

तुझा मामा,
देवीदास

⁂

अमरावती
पौष वद्य चतुर्थी, शके १७८५

मामाजींस नमस्कार.

उकंडा आणि गोमाजी पोचले. मी काही बोलायच्या आधीच मुनिमाने त्यांना फेटे बांधले आणि बेलभंडार उचलायला लावला. आता तेही पाडव्यापर्यंत बांधले गेले.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत उभे राहिल्यावर उकंडाने मला विचारले, ‘पुंजाभाऊ, डाव कवा सुरू होते?’

मी म्हणालो, ‘हाच डाव होय.’

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

मामाजी, एक विनंती आहे. माझी पत्रे पारावर वाचू नका. कारण विचारू नका. आईलाही फार काही सांगू नका. मी सुखात आहे एवढेच सांगा.

आपला,
पुंजाराम

⁂

जुने शहर, अकोला
माघ शुद्ध नवमी, शके १७८५

चिरंजीव पुंजाराम,

तुझा विनय बघून बरे वाटले. कीर्तीने माणूस फुगतो. तू ‘पत्रे वाचू नका’ म्हणतोस. म्हणून मी ते पत्र वाचले नाही. त्याऐवजी माझ्याच शब्दांत बोललो.

‘गड्यांनो,’ मी म्हणालो, ‘अमरावतीत फेटा मिळतो, दूध मिळते, मालक गादीवरून उठून वाहवा करतो, हे सगळे मान्य. पण...’

त्या ‘पण’नंतर मी बराच वेळ बोललो. भीष्माची प्रतिज्ञा, हरिश्चंद्राचे दास्य, अमेरिकेतल्या गुलामांची हकीकत, सगळे सांगितले. माझे मत आहे की इतके चांगले भाषण मी आजवर केले नव्हते. पण ‘पण’च्या पुढचे कोणी ऐकले नाही असे दिसते. उरलेले सहाही जण गेले. एकाच गाडीत गेले. गाडी भाड्याने घेण्याइतके शहाणपण त्यांच्यात कुठून आले देव जाणे.

माळीपुऱ्यात आता धावणारे भरपूर आहेत, अडवणारा एक नाही. परवा मैदानात काही जण उगीच इकडून तिकडे पळत होते. अडवायला कोणी नसले की धावण्यात काय राहते ते तू येऊन बघ. जणू शेपटीला डबा बांधलेली कुत्री.

तुझी आई ते बघून पदर खोचून उतरली आणि तुमच्या घरच्या पाटीवर जाऊन उभी राहिली. ‘मी अडवतो एकेकाले,’ म्हणाली. चौघांना तिने बाद केले. खोटे नाही सांगत. मी धावतच पाटलाला घेऊन आलो. त्याने पाहिले, मिशीतल्या मिशीत हसला. ‘मनकर्णाबाई, तुमच्या पोरापेक्षा तुमी बऱ्या. पण रिवाज घरच्या गड्याचा हाय. माह्या हाती असतं तं मी तुमाले सूर केलं असतं.’

मी त्याच जागी जाहीर करून टाकले, ‘धुळवडीला सगळा माळीपुरा या मैदानात उतरेल! बघतो कोणाच्या कापसाच्या गाड्या इथे येतात!’ टाळ्या पडल्या. मात्र उतरून काय करायचे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

तू मालकाच्या पाया पड आणि फक्त धुळवडीपुरती सुटी माग. नऊही जणांची. इतका कदरदान माणूस नाही म्हणणार नाही.

तुझा मामा,
देवीदास

⁂

अमरावती
माघ वद्य एकादशी, शके १७८५

मामाजी,

आता लपवून उपयोग नाही. हे पत्र आईसमोर वाचा, तिलाही कळू द्या.

इथे खेळ नाही. कधीच नव्हता. मैदान म्हणजे महादेवरावांचे कापसाचे आवार. पराटी वेचून झाली की चारी बाजूंनी गाड्या येतात. वजनाच्या काट्यावर आपली गाडी आधी लागावी म्हणून प्रत्येक जण रांग मोडतो. भाव पटला नाही की कोणी हळूच गाडी वळवून दुसऱ्या अडत्याकडे निसटू बघतो. त्यांना अडवायचे, हे माझे काम. हूल दाखवून घुसला होता तो तिवश्याचा कास्तकार होता. त्याला त्याचाच कापूस परत घेऊन जायचा होता. मी त्याला धरला. त्याचीच ती वाहवा.

तुम्हाला लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता, मामाजी. म्हणूनच जास्त लाज वाटते.

परवा एका म्हाताऱ्याने बैलाचा कासरा धरूनच मला विचारले, ‘माळ्याचा दिसतं तू. भाजी इकाची सोडून मानसं कावून अडवून राह्यला?’ मी त्याला अडवले होते, म्हणून त्याला उत्तर द्यायला पुष्कळ वेळ होता. पण मी त्याच्या बैलांची तोंडे रांगेकडे वळवली.

आम्ही नऊही जण आता आवारात नऊ रांगांच्या तोंडाशी उभे असतो. मुनीम येता-जाता म्हणतो, ‘तुमच्या देवीदासबुवांना खर्चीपाणी पाठवलं पाहिजे. ते एकदा बोलले की आमची दोन माणसं वाढतात.’

आता मुख्य गोष्ट. आपले मैदान मागणारा दुसरा कोणी नाही, महादेवरावच आहेत. अकोल्याला आगगाडी येणार म्हणून नदीकाठी आवार पाहिजे आहे. त्यांचे पाटलाशी बोलणे झाले आहे, खेळ झाला नाही तर पाडव्याला जागा त्यांची. नऊ घरांचा रिवाज त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही. आट्यापाट्या त्यांनी आयुष्यात पाहिलेल्या नाहीत. ‘पोरखेळ’ म्हणतात. मुनिमानेही तुमच्या भाषणातून ‘अडवणारा’ एवढाच शब्द उचलला.

पण तुम्ही जे जाहीर केलेत, की सगळा माळीपुरा मैदानात उतरेल, ते त्यांच्या कानावर आले. काल आम्हाला गादीपुढे बोलावले. म्हणाले, ‘धुळवडीला तुम्ही नऊ जण अकोल्याला जा. मैदानात ओळीने उभे राहा, कोणालाही पार जाऊ देऊ नका. लाठी नको, मारामारी नको, साहेबाच्या कानावर जाईल. नुसता हात लावायचा आणि परत फिरवायचे. तुमची कला तीच.’

सुटी मागायची ठरवली होती, हुकूम घेऊन परत आलो.

बेलभंडार उचललेला आहे. नाही म्हटले तर खंडोबाची आण मोडते, आणि गोमाजीच्या घरी तर खंडोबाचेच ठाणे आहे; तो म्हणतो, मरीन पण आण मोडणार नाही. हो म्हटले तर आईला, तुम्हाला, माझ्याच गल्लीतल्या माणसांना माझ्याच मैदानातून हात लावून परत फिरवायचे. मोर्णेच्या वाटेवर मी उभा, आणि पलीकडे डोक्यावर घागर घेतलेली आई.

मामाजी, तुम्ही इतकी पुस्तके वाचली आहेत. यात काय करावे ते कुठे लिहिले असेल तर सांगा. भाषण करू नका. फक्त सांगा.

पुंजाराम

⁂

जुने शहर, अकोला
फाल्गुन शुद्ध द्वितीया, शके १७८५

नऊ घरांच्या पाटीवाल्यांनो!

हे पत्र पुंजारामने उरलेल्या आठ जणांना आवाराच्या बाहेर नेऊन, हळू आवाजात वाचून दाखवावे. मीही ते हळू आवाजातच लिहितो आहे.

पुंजाराम, तुझे पत्र मी मनकर्णेसमोर वाचले. पत्र संपायच्या आत मी पागोटे डोक्यावर ठेवून पाराकडे निघालो होतो. महादेवरावाचे असे वाभाडे काढणार होतो की बडनेऱ्यापर्यंत ऐकू गेले असते. तुझ्या आईने दाराला कडी घातली. ‘दादा, तुमी आता पारावर गेले तं गावात बाया बी उरनार नाही. बसा. कुठं उभं राहाले सांगतलं त्यानं पोराईले, ते पुन्यांदा वाचा.’

मी वाचले. मैदानात. ओळीने. नऊ जणांनी. कोणाला पार जाऊ द्यायचे नाही. लाठी नको. हात लावायचा आणि परत फिरवायचे.

मी बोटांवर नऊ घरे मोजली. तिने माझ्याकडे बघितले, मी तिच्याकडे बघितले. मग ती पदर तोंडाला लावून अशी हसू लागली की पलीकडच्या घरची लीलाबाई काय झाले म्हणून धावत आली. तिला आम्ही सांगितले, देवाचा प्रसाद आठवला.

संध्याकाळी मी पाटलाकडे गेलो. नाव कोणाचे घेतले नाही. विचारले, ‘पाटील, धुळवडीच्या दुपारी समजा नऊ घरचे नऊ गडी आपापल्या पाटीवर उभे आहेत. समोरून माणसे धावत येताहेत. गडी त्यांना हात लावून बाद करताहेत. कोणाच्या सांगण्यावरून उभे आहेत, पगार कोणाचा खातात, डोक्यावर फेटा कोणाचा, हे तुम्ही विचाराल काय?’

पाटलाने सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, ‘मी कावून इचारू? माह्या आज्यानं कोनाचा फेटा इचारला नाही. मी पाट्या मोजीन, गडी वयखीन, खेय पाहीन, अन् घरी जाईन.’ आणि मी उठलो तेव्हा हळूच, ‘पन देवीदास, खेय खरा पाह्यजे बरं. लुटुपुटीचा मले चालनार नाही.’

पाटीवाल्यांनो, पाटलाचे हे शेवटचे बोलणे कानात साठवा, कारण सगळे त्यावर आहे. तुमच्या मनात येईल, समोर आपलीच माणसे, जाऊ द्यावे एखाद्याला. उकंडा, तुझ्या मनात तर नक्की येईल. तुझी बायकोही बघायला उभी असेल. असे केलेत तर मालकाला दिलेला शब्द मोडेल, गोमाजीचा खंडोबा कोपेल, आणि पाटील म्हणेल, हा खेळ नव्हे, आणि बरोबर म्हणेल. तुमच्या आणेला आणि आमच्या मैदानाला या एका दुपारी एकच गोष्ट हवी आहे. असा योग मी कोणत्या पुराणात वाचलेला नाही.

मुनीम तुमच्याबरोबर येईल. येऊ द्या. त्याला बसायला बाज टाकू, वर सावली धरू, थंडाई देऊ. नऊ जण हुकूम कसा तंतोतंत पाळताहेत ते त्याने पोटभर बघावे आणि अमरावतीला तसेच कळवावे. आम्ही होळीच्या राखेने सकाळीच पाट्या आखून ठेवू. विचारले तर सांगा, ओळ सरळ यावी म्हणून आखल्या.

पाडव्याला मैदान आपल्या नावावर राहिले की मग तुमचे बेलभंडार संपतील. तोवर मी पारावर चढणार नाही. मला ठाऊक आहे, गावाला चुकल्यासारखे वाटते आहे; दोघे-तिघे येऊन विचारूनही गेले, तब्येत बरी नाही का म्हणून. मी म्हणतो, घसा बसला आहे.

आयुष्यभर मी बोललो की अडवणाऱ्याला मान मिळाला पाहिजे, आणि बोलून बोलून एकेक अडवणारा गावाबाहेर घालवला. आता बोलायचे नाही, धावायचे आहे. पहिला मीच धावणार. गुडघा दुखतो, पण डावीकडची हूल अजून बरी जमते. माझ्या मागून मनकर्णा येईल, रिकामी घागर घेऊन. तिने तसे बजावून सांगितले आहे.

तेव्हा पुंजाराम, धुळवडीच्या दुपारी मालकाच्या हुकमाने ये, आपल्या घरच्या पाटीवर पाय रोव, आणि मी धावत आलो की नाते विसरून, पूर्ण ताकदीने, मला अडव.

तुझा मामा,
देवीदास